कापूस भरलेला कोट

आमच्या गावात त्या आजारानं कुणीच मेलं नाही. हवं तर कुणालाही विचारा. शाळेतल्या दोन बाई गेल्या त्या तापानं, पोस्टमन गेला पोटानं, आणि माझा नवरा गेला तो छातीनं. ताप, पोट आणि छाती यांनी गावात असा काही धुमाकूळ घातला की सुतार दारं-खिडक्या करायचं सोडून मढी पुरायच्या पेट्याच ठोकत बसला, आणि त्यातली एक त्याला स्वतःच्या थोरल्या मुलासाठी ठोकावी लागली. तो मुलगाही पोटानंच गेला. एकेका म्हातारीच्या गळ्यात चार-चार नातवंडं पडली. पण आजाराचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. आमच्या गावानं ही म्हण फारच मनावर घेतली होती.

मी टेलर आहे. बाजारगल्लीत चपलांच्या दुकानाला लागून माझं एका खोलीचं दुकान. पुढे शिलाई मशीन आणि कापायचं टेबल, मागे पडदा, आणि पडद्यामागे माझी खाट नि चूल. सगळे मला टेलरबाई म्हणतात. अंगानं मी भरलेली आणि तोंडानं फाटकी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई माझ्याबद्दल म्हणायची, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. फक्त एका गोष्टीपुरती ही जीभ मी वर्षानुवर्षं दाताखाली धरून ठेवली होती. नवरा गेला त्याच्या पुढच्याच वर्षी मीही त्याच्यासारखी वाळायला लागले. शहरातल्या दवाखान्यात जाऊन तपासून घेतलं. तिथे तेव्हा नुकत्याच फुकट गोळ्या मिळायला लागल्या होत्या. मी रोज गोळी घेतली, एक दिवस चुकवला नाही, आणि पुढे अशी भरले की मला माझेच कपडे दोनदा उसवून मोठे करावे लागले. हे दोघींनाच ठाऊक होतं: दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणि माझ्या धाकट्या बहिणीला.

धाकटी कारखान्यात कामाला होती. फळं डब्यात भरायचा कारखाना. गावात नियमानं पगार मिळायची तेवढीच एक जागा. लांबलचक पट्टा सरकत असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून फळं सोलतात, चिरतात, डबे भरतात. सगळ्यांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा निळा कोट. हे कोट शिवायचं कंत्राट माझं. वर्षातून एकदा मी सगळ्यांची मापं घ्यायचे आणि प्रत्येकीच्या कॉलरच्या आत तिचं छातीचं माप दोऱ्यानं काढून ठेवायचे, म्हणजे धुण्यात कोटांची सरमिसळ झाली तरी आपापला सापडावा.

माणूस बारीक व्हायला लागलं की टेलरला ते चेहऱ्याच्या आधी खांद्यावर दिसतं. एक दिवस धाकटी दुकानात आली आणि तिच्या कोटाची खांद्याची शिवण दंडावर उतरलेली मला दिसली. मी ती शिवण चिमटीत धरली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून? काम जास्त आहे म्हणून जरा उतरलेय."

"मला शिकवू नकोस. उद्या शहरात जायचं आपण."

"मी नाही येणार ताई. काही निघालं म्हणजे?"

"निघालं तर बरंच आहे. न निघता असलं की मग सुताराकडे जावं लागतं."

तिचा नवरा ट्रकवर होता. महिना-महिना बाहेर, आणि एकदा गेला तो आलाच नाही. कुठे मेला की कुठे रमला, देवाला ठाऊक. जाताना तो तिला एक मुलगी आणि हे एवढं देऊन गेला. शेवटी मी तिला शहरात नेलंच. नर्सबाईंनी तपासणीचा कागद बघितला आणि धाकटीला समोर बसवून सांगितलं, "वेळेत आलात. गोळ्या आजपासून सुरू. पण अंगी लागायला काही महिने जातील, आणि तोवर पोटभर खायचं. उपाशीपोटी या गोळ्या झेपायच्या नाहीत."

पोटभर खायला पगार लागतो. आणि घोडं तिथेच पेंड खात होतं, कारण कारखान्याच्या फाटकात मुकादम उभा असायचा. रोज सकाळी तो एकेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा, आणि जिचा कोट लोंबायला लागलाय तिला बाजूला घ्यायचा. "तब्येत बरी दिसत नाही, बाई. घरी बसा. बरं वाटलं की या." अशा घरी बसलेल्यांतली एकही पुन्हा आत गेली नाही. ज्यांना खरंच बरं वाटलं त्याही नाही. मॅनेजरला धास्ती होती मालाची. आजारी बायकांच्या हातची फळं म्हटल्यावर डबे घेणार कोण, असं तो म्हणायचा. डब्यातून तो आजार जात नाही हे नर्सबाई स्वतः कारखान्यात येऊन सांगून गेल्या होत्या. मॅनेजरनं त्यांचे आभार मानले, त्यांना सहा डबे भेट दिले आणि मुकादमाला पुन्हा फाटकात उभं केलं.

मग मी एक युक्ती काढली. कोटाला आतून अस्तर लावायचं आणि अस्तर नि कापड यांच्यामध्ये कापूस भरायचा. खांद्याला थोडा, छातीला बऱ्यापैकी, कमरेला वाटीसारखा गोल. बाहेरून उभ्या टिपा मारल्या म्हणजे कापूस सरकत नाही. धाकटीनं कोट घातला, आरशात बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"बाळंतीण दिसतेय मी."

"दिस की. मुकादमाच्या बापाचं काय जातंय!"

तिनं कुणाला तरी सांगितलं असणार. पुढच्या आठवड्यापासून एकेक बाई कोट काखेत मारून दुकानात यायला लागली. दारात उभं राहून मागे-पुढे बघायचं, मग आत यायचं आणि हळूच म्हणायचं, "टेलरबाई, धुतल्यावर सैल झालाय हो जरा." धुतल्यावर कापड आटतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ताकाला येऊन भांडं लपवणारीला मी कधी टोकलं नाही. मी माप घ्यायचे, गादीवाल्याकडून कापूस आणायचे आणि भरायचे. त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या बायका काय गुटगुटीत दिसायला लागल्या म्हणून सांगू! फाटकात उभा राहून मुकादमाचे डोळे दमले, पण बाजूला काढायला एक बाई सापडेना.

आणि इथेच मी माती खाल्ली. मी कोरड्या दुकानात बसून शिवणारी बाई. उन्हाळ्यात फळांचा हंगाम सुरू झाला की कारखान्यात डबे उकळायची मोठी भांडी पेटतात आणि सगळी खोली वाफेनं भरून जाते, हे मी ऐकून होते, पण कापूस भरताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. कापूस वाफ प्यायला. भिजून जड झाला आणि टिपा तोडून खाली उतरायला लागला. सकाळी भरलेल्या छातीनं आत गेलेली बाई दुपारी भरलेल्या पोटानं बाहेर यायला लागली. बायका कोपऱ्यात जाऊन एकमेकींचे कोट पिळायच्या. शेवटी एकीचं अस्तरच उसवलं, ओल्या कापसाचा गोळा निसटला आणि फळं धुवायच्या हौदात जाऊन पडला. मुकादमानं तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर वर केला.

"कुणाचा हा?"

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कितीतरी जणींनी हात पोटाशी धरले. तेवढंच त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावून घेतलं. खोलीत पंखा, खुर्ची आणि टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो कापूस. मॅनेजरच्या अंगात मीच शिवलेला पांढरा सदरा होता.

"बाई, हे कुणी केलं ते मी विचारत नाही," तो म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. "उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या बायका कोट काढून उभ्या राहतील. तुम्ही एकेकीचं माप घ्यायचं आणि मोठ्यानं सांगायचं. मुकादम कॉलरमधला जुना आकडा वाचेल. तीन इंचांहून जास्त फरक पडला की घरी. हे नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी पुरुषांचे कपडेही तुमच्याकडेच."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हा टेप मी बारशाच्या झबल्यांना लावला, नवऱ्या मुलींच्या कपड्यांना लावला, आणि आता तो माणूस मला त्याच टेपनं बायकांच्या गळ्याला फास लावायला सांगत होता! तोंडावर आलेली शिवी मी गिळली. नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसरा टेप आणला असता, आणि दुसऱ्या टेपला माझी बहीण कोण लागत होती? माझा टेप असेल तर निदान लबाडी करता येईल. मी "येते" म्हटलं आणि बाहेर पडले.

संध्याकाळी धाकटी रडकुंडीला आली. "ताई, मी उद्या जातच नाही."

"नाही गेलीस तर आपणहून बोट वर केल्यासारखं होईल."

"तू हात दाखवून अवलक्षण केलंस. कापूस नसता भरला तर त्यानं मापं काढलीच नसती."

"कापूस नसता भरला तर तुला हिवाळ्यातच काढलं असतं."

आम्ही दोघी खाटेवर बसलो होतो आणि तिची मुलगी माझ्या मशीनखाली चिंध्यांची बाहुली करत होती. धाकटी एकदम म्हणाली, "मला भीती मरायची नाही वाटत आता. उद्या सगळ्यांसमोर तू माझं माप सांगशील, त्याची वाटतेय."

"टेपच्या आत पंजा घालीन," मी म्हटलं. "पाठीमागे कोण बघतंय? पंजाचे चार इंच सहज मिळतात. तू फक्त श्वास भरून उभी राहा."

सकाळी मी गेले तेव्हा फळांच्या पाट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. हंगामाचा भर होता. फळं इतकी पिकलेली की खोलीभर गोड वास, आणि तळच्या पाट्यांतून रस गळून जमीन चिकट झालेली. माल भरून न्यायला ट्रक बाहेर येऊन उभा होता. पट्टा बंद होता. बायका कोट हातात घेऊन रांगेत उभ्या, घरच्या विटक्या कपड्यांत, खाली मान घालून. मॅनेजरनं खुर्ची मागवून घेतली. मुकादमानं पेन कानावर खोचलं.

रांगेत पहिली होती पिंप. आमच्या गावात तिला तिचा नवराही पिंपच म्हणतो. माप घ्यायला माझा टेप पुरत नाही अशी ती एकटीच. तिची पाठची बहीण दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती, म्हणजे आमच्या गावच्या तापानं. ती पुढे आली आणि हात पसरून उभी राहिली.

"साहेब, दोन टेप जोडायला सांगा. आणि वाढलेल्यांना काय शिक्षा तेही आत्ताच सांगून टाका."

मागच्या बायका हसल्या. मॅनेजर हसला नाही. मी पिंपचं माप सांगितलं, मुकादमानं कॉलर वाचली, दोन इंच वाढ. पुढची आली. मग पुढची. एक सुकलेली आली तेव्हा मी टेप पाठीमागून घेतला, आत पंजा सारला आणि चेहरा न बदलता जुनाच आकडा सांगितला. तिनं श्वास सोडला तो माझ्या मानेला लागला. अशा चार-पाच जणी मी पार करून दिल्या. माझं मलाच कौतुक वाटायला लागलं होतं.

मग धाकटी आली, कोट पायाशी टाकून उभी राहिली. कोटाशिवाय ती केवढीशी दिसत होती! तिच्या गळ्याखालची हाडं मी लहानपणी तिला आंघोळ घालताना बघितली होती, त्यानंतर आता. मी टेप फिरवला, पंजा घातला, आणि आकडा सांगणार तेवढ्यात मॅनेजर खुर्चीतून उठला.

"थांबा. मुकादम, मागून बघ तो टेप कुठे आहे."

मुकादम मागे आला. त्यानं माझं मनगट धरलं आणि पंजा टेपमधून बाहेर ओढला. टेप सैल होऊन धाकटीच्या कमरेवर घसरला.

"आता नीट घ्या," मॅनेजर म्हणाला. "अंगाला घट्ट."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यात एवढी लाज होती की माझ्यानं बघवेना. तिनं काय केलं होतं लाजायला? लग्न केलं होतं. नवरा घरी आला तेव्हा दार उघडलं होतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला काय कळत नव्हतं? पण गावानं कोंबडी झाकली, मीही माझं झाकलं, वर दुसऱ्यांना झाकणं शिवून दिली. आणि एवढं करून माझी बहीण त्या चिकट जमिनीवर गुन्हेगारासारखी उभी होती.

मी टेप तिच्यावरून ओढून घेतला आणि माझ्याच छातीभोवती गुंडाळला.

"बेचाळीस," मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच. "लिही रे मुकादम, बेचाळीस. आणि पुढे लिही की या बाईला तो आजार आहे. तुमच्या मुलांच्या जन्माच्या आधीपासून आहे. रोज गोळी घेते, दोन वेळा जेवते, दिवसभर मशीन मारते. आता सांगा साहेब, तुमच्या टेपनं काय पकडलं?"

मॅनेजर एक पाऊल मागे सरला. मुकादमानं ज्या हातानं माझं मनगट धरलं होतं तो हात पँटला पुसला.

"पूस, पूस," मी त्याला म्हटलं. "पँटपण मीच शिवलीय." मग मी मॅनेजरकडे वळले. त्याचा हात आपसूक स्वतःच्या कॉलरकडे गेला होता. "हो, तोही माझ्याच हातचा. पाच वर्षं घालताय माझे सदरे. काजं करताना सुई किती वेळा बोटात जाते ते मोजत बसले नाही मी. काही झालं का तुम्हाला? खोकला? ताप? पोट?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बाहेर व्हा," मॅनेजर म्हणाला. "कंत्राट रद्द. पुन्हा या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. मुकादम, तू घे राहिलेली मापं."

मुकादमानं माझ्या हातातून टेप घेतला आणि पिंपनं रांगेतून बाहेर येऊन त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवले. "तू घेणार बायकांची मापं? लाव, हात लाव एकीला. तुझ्या आईला आणते इथे बघायला."

मुकादम टेप धरून तसाच उभा राहिला. त्याची आई कारखान्याच्या मागच्याच चाळीत राहते.

मी दाराकडे निघाले होते. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. डोक्यात एकच होतं, की मी माझं उघडं केलं पण त्यानं धाकटीचं काय झालं? ती अजून तिथेच होती, कोटाशिवाय, सगळ्यांच्या मध्ये. माझ्या बोलण्यानं तिचा पगार वाचला नव्हता. उलट आता ती आजारी टेलरबाईची बहीण झाली होती.

तेवढ्यात ती बोलली. माझ्यासारखी ओरडून नाही बोलली, तिला ते जमत नाही. नेहमीच्या आवाजात, म्हणजे कुणी मीठ मागावं तशी.

"मुकादम, मलाही आहे. माप कशाला घेता, विचारायचं ना." तिनं जमिनीवरचा कोट उचलला, झटकला आणि अंगात घातला. "गोळ्या चालू आहेत. काम येतं मला, सगळ्यांना माहितीये किती हात चालतो ते. फळं चाललीत वाया. पट्टा चालू करा."

आणि ती चालत जाऊन पट्ट्यापाशी तिच्या रोजच्या जागेवर उभी राहिली. सुरी घेतली, पाटी ओढली.

खरं सांगते, तिच्या शेजारच्या दोघी सरकल्या. एक तर लांब पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली, आणि तिला काल-परवा कापूस मीच भरून दिला होता. मग पिंप डुलत डुलत गेली आणि त्या रिकाम्या जागेत उभी राहिली. तिच्यामागून ती सुकलेली गेली, जिचा श्वास माझ्या मानेला लागला होता. जाताना ती मुकादमाला म्हणाली, "मलापण." नुसतं तेवढंच. मग आणखी एक. मग कुणी काही न म्हणताच बायका जागेवर जायला लागल्या, कुणाला आहे आणि कुणाला नाही ते कळेना, आणि रांग संपली.

मॅनेजरनं पाट्यांकडे बघितलं. तळच्या पाट्यांवर माश्या बसायला लागल्या होत्या. बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. या सगळ्यांना घरी बसवलं तर संध्याकाळपर्यंत तो सगळा माल चिखल होणार होता, आणि चिखल डब्यात भरता येत नाही. त्याचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. त्याला मन आहे की नाही हेच मला ठाऊक नाही. तो मुकादमाला म्हणाला, "बघतोस काय? चालू कर," आणि आपल्या खोलीत निघून गेला. माझा टेप मुकादमानं कुठेतरी टाकून दिला. मला तो परत मिळाला नाही.

मी दुकानात पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुपारपर्यंत चौघं आले आणि न शिवलेलं कापड परत घेऊन गेले. एकानं ते काठीनं उचलून पिशवीत टाकलं. चपलावाला, ज्याच्याशी मी रोज सकाळी चहा प्यायचे, तो दुकानाच्या आतच बसून राहिला. मी खूप वेळ पडद्यामागे रडले, उगाच का खोटं सांगू? कंत्राट गेलं, गिऱ्हाईक गेलं, आणि या वयात मी दुसरं काय करणार होते? मग उठले, तोंड धुतलं, गोळ्यांची बाटली आजवर ठेवायचे त्या पिठाच्या डब्यातून काढली आणि बाहेर मशीनवर, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली. आता लपवायचं कुणासाठी होतं?

संध्याकाळी धाकटी आली. हातांना फळांचा वास, केस घामानं चिकटलेले, कोटाची छाती ओघळून पोटावर आलेली. आली ती सरळ स्टुलावर बसली.

"उद्या बोलावलंय?" मी विचारलं.

"कुणी काही बोललं नाही. मीपण विचारलं नाही. उद्या जाणार."

"आणि फाटकात अडवलं तर?"

"तर तिथे उभी राहीन. पिंप म्हणाली तीपण राहील. एवढा देह फाटकात उभा राहिल्यावर कोण आत जाणार आणि कोण बाहेर येणार?" ती हसली. मग तिनं कोट काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "हा कापूस काढ सगळा. ओला होतो, जड होतो, पाठ मोडून येते माझी. माझ्या मापाचा करून दे."

मी अस्तर उसवलं. कापूस ओला, पिवळा पडलेला, वाटीएवढ्या गोळ्यांनी बाहेर आला. जुना टेप पडद्यामागे एक होता, आकडे पुसट झालेला, तो आणला. आपल्याच बहिणीचं माप मी तिला आजार धरल्यापासून पहिल्यांदाच खरं घेतलं, बोट न घालता, अंगाला लावून. अठ्ठावीस. मला तो आकडा बोलवेना.

"सांग की मोठ्यानं," ती म्हणाली. "सकाळी काय ओरडत होतीस!"

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

कोट टेबलावर पसरला, खडूनं रेघ मारली. रेघेच्या बाहेर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड उरलं. एवढं कापड आत राहिलं तर शिवण फुगते, नीट बसत नाही. मी कात्री घेतली.

धाकटीनं माझा हात धरला.

"कापू नकोस," ती म्हणाली. "दुमडून आत शिव. मला लागणार आहे ते."

मी कात्री खाली ठेवली आणि दुमडलं. शिवण चांगली जाड झाली. माझ्या हातून आजवर एवढी बेढब शिवण गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट घालून ती फाटकाकडे गेली.